भाकरीत गेलेल्या राती

एक चकती. काचेमागे आडवी, कडेला लाल खूण. संध्याकाळी ती इतकी हळू चालते की थांबली आहे की चालली आहे ते कळत नाही.

जिलेबी घालावी तसं तारेचं वेटोळं, पांढऱ्या मातीच्या खाचेत.

"धूर बंद," डॉक्टर एवढंच म्हणाले, आणि पुढच्या बाईची छाती तपासायला लागले.

तीन घोडे. कोणी पाहिले नाहीत. विहिरीपाशी आहेत म्हणतात.

डाग नसलेली भाकर अण्णाजी दोन्ही हातांनी उजेडात धरतात आणि तिच्यातून पलीकडचं काही दिसतं का पाहतात.

वांग्याच्या सऱ्यांत पाणी शिरतं तेव्हा माती झोपेत बोलल्यासारखं काहीतरी बोलते.

हे सगळं एकाच घरातलं आहे.

*

घर सिंदी मेघेला, वर्ध्याकडून येताना वस्ती संपते आणि भाजीच्या वाड्या सुरू होतात तिथे. साल एक्याऐंशी. घरात म्हातारे अण्णाजी, त्यांचा धाकटा मुलगा किसनराव, किसनरावाची बायको मंदाबाई, त्यांची मुलगी नलू. आणि थोरली सून आनंदाबाई. तिचा नवरा लक्ष्मणराव जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

वाडी अण्णाजींच्या नावावर होती, पुढे किसनरावाच्या नावावर होणार होती. आनंदाबाईच्या नावावर चूल होती. असं कुठे लिहिलेलं नसतं. सकाळी पिठाच्या डब्यात पहिला हात कोणाचा जातो, वरणात पाणी वाढवायचं की नाही हे कोण ठरवतं, पाहुणा आला की चहा किती टाकायचा हे कोणाकडे पाहून ठरतं, त्यावरून कळतं.

चुलीत पऱ्हाटी जळायची. कापसाचं ते वाळलेलं झाड जळताना धूर असा करतं, जसं काही त्याला अजून कोणाला तरी सगळं सांगायचं राहिलं आहे. ते सगळं आनंदाबाईच्या छातीने ऐकून घेतलं होतं. आता ती दोन वाक्यं बोलली की मध्ये थांबायची.

डॉक्टरांनी धूर बंद सांगितल्याचं कळलं तेव्हा तिचा भाऊ मधुकरराव हिंगणघाटहून आला. तो तिकडे कापसाच्या जिनात कामाला होता. खाटेवर बसून पाय हलवत म्हणाला, "लय झालं आता, आनंदा. माह्याकडे चाल. आराम कर."

आराम हा शब्द तिला विहिरीसारखा वाटला. वरून थंड, आणि आत तळ कुठे आहे ते माहीत नाही. भावाच्या घरी भावजयीची चूल होती. तिथे आनंदाबाई खाटेच्या कडेला बसून तांदळातले खडे निवडणार. कोणी म्हणणार, राहू द्या ना ताई, आणि सूपही हातातून घेणार.

"पाहू," ती म्हणाली.

*

बांधाच्या कडेला तिचे स्वतःचे दोन वाफे होते. त्यातल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार जुड्या ती बाजारात पाठवायची. त्या पैशांतून तिने वर्ध्याच्या दुकानातून लाइटची शेगडी आणली. दुकानदाराने खालीवर करून दाखवली.

"हजार व्हॅटची हाये, बाई. एक घंटा चालली का एक युनिट. लाकडाच्या पाटावर बसूनच वापरजा, नाई तं झटका देईन."

ती पाटावर बसली. बटन दाबलं. आधी काहीच नाही. मग वेटोळ्याच्या मधोमध, पहाटे पूर्वेला होतं तसं, आहे की नाही असं काहीतरी. मग ते कडेकडे पसरत गेलं. आवाज नाही. चूल बोलते, फुंकर मागते, रुसते. ही काहीच मागत नव्हती. इतकं शांत होतं की आनंदाबाईला परातीत पीठ भिजताना ऐकू आलं.

भाकर झाली. निखारा नाही म्हणून ती फुगली नाही. तव्यावरच फडक्याने दाबून शेकावी लागली. चंद्रासारखी गोल, पण एकही डाग नाही.

"हे कोनाची भाकर हाये?" अण्णाजींनी ती उजेडात धरून विचारलं.

"आपलीच, मामाजी."

"हिच्यावर काहीच नाई लिहेलं."

बाहेर ओसरीवर किसनराव मीटरपुढे उभा होता. काचेमागची चकती अशी फिरत होती की लाल खूण दिसेनाशी झाली होती. तो आत गेला, स्टूल घेऊन आला आणि बसला. तिचा स्वयंपाक संपेपर्यंत तो उठला नाही.

*

किसनराव कंजूष नव्हता. पाहुण्याच्या पिशवीत वांगी कोंबून भरायचा. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती तिथेच गोल फिरत राहायची.

"वैनी, हे काय चालू केलं?"

"सैपाक."

"मीटर पाहा. लाल खून दिसूनच नाई राह्यली."

"मंग नका पाहू."

"गोठ्यातला लायटीचा लट्टू पाच राती जळते न्, तेवढ्या करंटात हे एक घंटा चालते."

"म्हंजे?"

"म्हंजे एका सैपाकात पाच राती गेल्या."

आनंदाबाई हसली. मग खोकली. मग म्हणाली, "भाजी कशी झाली थे सांगा."

"चांगली झाली. दोन राती तरी लागल्या असतीन."

*

त्या दिवसापासून घरात पैशांत कोणी बोलेना. राती मोजायचे.

वरण, दोन राती. चहा टाकला तर संध्याकाळ. नलू शाळेतून आली की विचारायची, "मोठी आई, आज किती राती खाल्ल्या?" तुरी शिजायला वेळ घेतात, म्हणून त्या दिवशी किसनराव गप्प असायचा. वांगी लवकर शिजतात, त्या दिवशी तो गुणगुणायचा. मंदाबाई एकदा म्हणाली, "अवो, तुमाले काय राती पुरून ठेवाच्या हायेत का वाडीत?" तो मीटरकडे पाहत होता. खरं म्हणजे त्याला ती फिरणारी चकती आवडायलाही लागली होती. तिच्याकडे पाहता पाहता त्याचे डोळे जड व्हायचे आणि तो स्टुलावर बसल्या बसल्या कुठल्यातरी गावाला जाऊन यायचा.

*

स्वप्न, आनंदाबाईचं:

भाकरीची टोपली. वर फडकं. फडकं उचललं तर खाली भाकरी नाहीत, राती आहेत. पातळ, काळ्या, एकावर एक ठेवलेल्या. अजून कोमट. अण्णाजी ताटावर बसले आहेत. ती वरची रात उचलून त्यांना वाढते. ते ती उजेडात धरतात. तिच्यातून खूप मागचं दिसतं, एक मांडव, कोणीतरी हसतं आहे, बैलांच्या गळ्यातली घंटा. "हे माह्या लग्नाची रात हाये," ते म्हणतात, आणि चटणीला लावून खातात. ती टोपलीत पाहते. लक्ष्मणरावांची रात कोणती, ते तिला सापडत नाही. सगळ्या सारख्याच काळ्या आहेत, आणि कोणावरच डाग नाही.

*

मग बिल आलं.

किसनरावाने ते वाचलं, घडी केली आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं. रागावला नाही. दुसऱ्या दिवशी शेगडी पोत्यात गुंडाळून वरच्या फळीवर होती.

"थंडीच्या दिवसात पाहू," तो म्हणाला.

मंदाबाईने चूल पेटवली. पऱ्हाटीचा धूर घरभर झाला आणि आनंदाबाई अंगणात जाऊन बसली. अंगणातून तिने ऐकलं: पिठाच्या डब्याचं झाकण निघालं. ते झाकण तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी काढलं तर वेगळं वाजतं, हे तिला पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी किसनराव तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मधुकररावले निरोप देल्ला म्या. वैनी, तुमाले पाठवून राह्यलो असं समजू नोका. पन धुरात बसू देऊ का तुमाले? अन् बिनधुराचं पुरत नाई."

"कधी येईन दादा?"

"जिन बंद राह्यन त्या दिशी. ह्या नाई तं त्या हप्त्यात."

तिने मान हलवली. कुंपणापलीकडे सऱ्यांत पाणी चाललं होतं. माती बोलत होती, पण काय ते कळत नव्हतं.

*

आणि त्याच आठवड्यात लाइनमन बंडूजी सायकलवरून वाडीत आले आणि विहिरीवरचं मीटर खोलायला लागले.

"काऊन काढता?" किसनरावाने विचारलं.

"आता विहिरीले मीटर नाई. मोटर किती घोड्याची हाये तेवढंच पाह्यचं. तुमची तीन घोड्याची. तीन घोड्याचं जे बिल ठरलं थे भराचं. चालवा, नोका चालवू, तेवढंच."

"दिवसभर चालवली तं?"

"तेवढंच."

"आठ दिवस चालवलीच नाई तं?"

"तरी तेवढंच. काय दहा येळा इचारता राजेहो."

किसनराव मोटरच्या खोलीच्या भिंतीकडे पाहत राहिला. जिथे मीटर होतं तिथे आता एक स्वच्छ चौकोन होता, चार खिळ्यांच्या खुणांसकट. मीटर नसलेला विजेचा तुकडा. चकती नाही, लाल खूण नाही.

आनंदाबाई शेजारच्या वाफ्यात सांबार उपटत होती. तिने सगळं ऐकलं. हातातली माती झटकली, घरी गेली, स्टुलावर चढली आणि फळीवरचं पोतं खाली काढलं.

*

ती पोतं घेऊन विहिरीवर आली तेव्हा किसनराव तिथेच होता.

"भाऊजी, इथं किती राती लागतीन?"

त्याने पुन्हा चौकोनाकडे पाहिलं.

"एकही नाई," तो म्हणाला. त्याच्याच हिशेबाने त्याला धरलं होतं.

जोडणी त्याने स्वतः केली. घरात दोन तारा असतात म्हणून त्याने इथल्याही कोणत्यातरी दोन धरल्या. पंपाच्या तारांत घरापेक्षा जोर जास्त; वेटोळं सूर्यासारखं पांढरं झालं आणि तुटलं. नवीन कॉइल आणली, आणि बंडूजींना अडवून विचारलं.

"पंपाच्या लाइनीवर सिगडी चालत नाई, किसनराव. थे लाइन पान्यासाठी हाये."

"मोटर पानी वर आनते. सिगडीबी पानी वरच धाडते, वाफ करून. फरक काय?"

बंडूजी बराच वेळ हसले. मग म्हणाले, "म्या सांगतलं नाई, तुमी ऐकलं नाई," आणि कोणती तार कुठे ते सांगून सायकलवर बसले.

*

म्हणून स्वयंपाकघर विहिरीवर गेलं.

पिठाचा डबा गेला. परात, तवा, मिठाची बरणी गेली. टिनाच्या खोलीत स्टार्टरखाली आनंदाबाई पाटावर बसायची आणि दारातून वांग्याची रांग दिसायची. मोटर गुणगुणायची. विहिरीवरची वीज आपल्या वेळेने यायची, एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपार कलल्यावर. म्हणून जेवणही तिच्या वेळेने व्हायचं. भुकेने जुना रस्ता सोडून दिला. घरातली माणसं सऱ्यांच्या काठाने एकामागे एक यायची, जशी पाखरं येतात, आणि पेरूच्या झाडाखाली बसायची. अण्णाजी तर सकाळीच येऊन झोपायचे. जाग आली की जेवायचे, जेवले की झोपायचे, आणि मध्ये कधीतरी म्हणायचे की त्यांना विहिरीखालून टापा ऐकू येतात.

आनंदाबाईची छाती हलकी झाली. ती आता एका दमात मोठं वाक्य बोलायची, आणि कधी कधी फक्त बोलता येतं म्हणून बोलायची.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण किसनरावाच्या डोक्यात ते पुन्हा फिरायला लागलं, उलट्या बाजूने.

चालवा, नका चालवू, तेवढंच. म्हणजे न चालवणं हे नुकसान.

"वैनी, करंट हाये. टाका काहीतरी."

"झालं न् जेवन सगळ्याइचं."

"शेंगा उकडा."

तिने शेंगा उकडल्या. मग रताळी. मग कोहळं. मग पाणी, नुसतंच पाणी, कारण करंट होता. भाजी न्यायला आलेल्या बायका उकडलेल्या शेंगा ओटीत घेऊन जायला लागल्या. बैलांना शिजवलेलं कोहळं मिळायला लागलं आणि बैल ते संशयाने खायचे. ती पाठ टेकायला गेली की दारात किसनराव. ओरडायचा नाही. फक्त म्हणायचा, "चालू हाये, वैनी," आणि त्याच्या आवाजात अशी कळ असायची, की जणू कोणाची तरी शेवटची गाडी सुटते आहे.

तिच्या हाताला तव्याचे चटके दिसायला लागले. पाठ वाकली. स्वप्नात आता राती नव्हत्या. एकच लांब दुपार होती, आणि ती शिजत नव्हती.

*

जिन बंद राहायला महिना-दीड महिना गेला; मधुकरराव आला तो असल्याच एका दुपारी. घरी कुलूप पाहून वाडीत आला. पेरूच्या झाडाखाली टोपल्यांवर टोपल्या: शेंगा, रताळी, वांगी, भाकरीची चळत. शेजारी अण्णाजी झोपलेले. मंदाबाई गिरणीवरून पिठाचा दुसरा डबा डोक्यावर घेऊन येत होती, कारण पहिला संपला होता.

"लग्न हाये का कोनाचं?" मधुकररावाने विचारलं.

"करंट हाये," नलू म्हणाली.

तो बहिणीकडे गेला. तिचा चेहरा घामाने चकाकत होता, पण ती खोकत नव्हती.

"सामान घेतलं का? पाचची यष्टी हाये."

"बसा न् राव," किसनराव घाईने म्हणाला, "जेवा पह्यले. अन् आज नेताच कशाले? वैनी गेल्या तं हा करंट कोन वापरन?"

"मंग माह्या बहिनीले करंट वापराले ठेवली का तुमी?"

तव्यावर भाकर होती. आनंदाबाईने ती उलटली, फडक्याने दाबली, उतरवली. पुढची थापायला पीठ घेतलं, आणि हात तसाच परातीत राहिला. एकीकडे पाचची गाडी होती, तांदळातले खडे होते, आराम होता. दुसरीकडे ही न संपणारी दुपार. तिने भावाकडे पाहिलं, मग दिराकडे. दोघेही तिच्या भल्याचंच पाहत होते.

ती उठली. हात धुतले. ओले हात पदराला नीट कोरडे केले, आणि शेगडीचं बटन बंद केलं.

"वैनी, चालू हाये करंट!"

"असू द्या."

"वाया जाऊन राह्यला."

"जाऊ द्या."

मग ती स्टार्टरकडे वळली आणि मोटरही बंद केली. गुणगुण थांबली. इतक्या दिवसांत ती सगळ्यांच्या कानात घर करून बसली होती; ती गेल्यावर वाडी एकदम मोठी झाली. सरीतलं पाणी आपलं आपण थोडं पुढे गेलं आणि कुठेतरी जिरलं. अण्णाजी जागे झाले. "घोडे झोपले," म्हणाले, आणि कूस बदलली.

किसनराव त्या बंद स्टार्टरकडे पाहत होता. वीज तिथेच होती, भिंतीत, आणि कोणी तिला काही करायला सांगत नव्हतं. हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. तो खाली बसला, टोपलीतली एक शेंग घेतली आणि फोडली.

"दादा, जेवून जाय," आनंदाबाई म्हणाली. "मी नाई येत."

"अन् सैपाक? धूर?"

"सिगडी घरी नेऊन राह्यली. सकाळ-संध्याकाळ लावीन, लागन तेवढीच. मंग बंद."

"घरी मीटर हाये," किसनराव म्हणाला, पण विचारल्यासारखं.

"असू द्या."

मधुकरराव मंदाबाईकडे वळला. घरची बाई तीच, तिचं म्हणणं काय ते कळायला हवं होतं. "तुमाले चालते का हे, बाई? नाई तं मनात एक अन्..."

"मले कोनं इचारलं?" मंदाबाईने डबा खाली आपटला. "सिगडी फळीवर ठेवली, कोनं इचारलं? धूर काय जाऊबाईच्याच छातीत जाते, माह्या नाकात फूल जाते का? मले वाटलं बाईले चुलीवर कोनी नको. बाईले वाटलं मले चूल पाह्यजे. अन् हे बसले चकती पाहत."

आनंदाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. खोकली नाही.

मंदाबाईने पदराने शेगडी धरली. अजून गरम होती. तशीच हातात घेऊन ती सऱ्यांच्या काठाने घराकडे चालायला लागली, मागे नलू वायर उचलून, कोणा नवरीचा शेला धरावा तशी.

"वैनी," किसनरावाने शेंग चघळत विचारलं, "किती राती लागतीन?"

"लागतीन तेवढ्या," आनंदाबाई म्हणाली, आणि भावासाठी ताट घेतलं.

*

लग्न होऊन १९५९ साली ती या घरात आली, तेव्हा आनंदाबाईला स्वयंपाक येत नव्हता; चूल तिच्या नावावर झाली ती त्यानंतर, एकेका भाकरीने.